होडी सोडायची नाही

सिग्नलचा दिवा लाल होता. पुढच्या पिकअपमागे जोडलेल्या गाड्यावर एक होडी होती आणि तिच्या मागच्या भोकातून पाणी ठिबकत होतं. थेंब पडायचा, तापलेल्या डांबरावर नाण्याएवढा डाग उमटायचा आणि पुढचा थेंब येईपर्यंत वाळून जायचा. भोकाचं बूच काढलेलं होतं. रस्त्यावरून होडी नेताना काढावंच लागतं, त्यात विशेष काही नव्हतं. पण ही होडी पाण्यातून येत नव्हती. तिच्या मोटरवर कोळिष्टकं होती, बाकावर बर्चची जुनी पानं कुरकुरीत होऊन पडली होती, आणि आमच्या डलूथ शहरात कित्येक आठवडे पाऊस नव्हता. मग हे पाणी कुठून येत होतं? मी शहराच्या पाणी प्रयोगशाळेत काम करते. पाणी कुठून आलं हे विचारण्याचाच मला पगार मिळतो. दिवा हिरवा झाला, पिकअप निघून गेली. मागच्या गाडीतल्या माणसाने एकदा सभ्यपणे हॉर्न वाजवला, मग तितक्या सभ्यपणे नाही. मी हलले नाही. मला माझ्या गॅरेजची फरशी दिसत होती, पापाच्या होडीच्या मागच्या टोकाखाली, आणि तिच्यावरचं ते बशीएवढं ओलं वर्तुळ, जे मी दोन वर्षं फडक्याने पुसत आले होते. गाडीवरचा बर्फ वितळला असेल, असं मी समजायचे. गाडी गॅरेजच्या दुसऱ्या बाजूला उभी असते. आणि आता ऑगस्ट होता.

घरी जाऊन मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. होडीजवळ उकिडवी बसले आणि भोकात करंगळी घातली. गार लागलं. बोट नाकाशी नेलं तर तळ्याचा वास आला, शेवाळ्याचा आणि लोखंडाचा, टॅमरॅक तळ्याचाच. तो मी हजार बाटल्यांतून ओळखला असता. दोन वर्षांपूर्वी पाणबुड्यांनी ही होडी तळातून वर काढली तेव्हापासून ती इथे कोरड्या फरशीवर उभी होती, आणि तिच्या पोटात अजून ते पाणी होतं. त्याच दिवसाचं पाणी.

आयनार त्वेत, माझे वडील, ऑक्टोबरच्या शेवटी एकटे बदकांच्या शिकारीला गेले आणि परत आले नाहीत. मागून एक मोठी लाट आत आली असावी, पाठोपाठ दुसरी. होडी तळाशी सापडली. तिच्या पुढच्या टोकाला, नाकाच्या कडीला, दोर होता, दोर ताठ वर गेलेला, आणि दोराच्या टोकाला पापा. डाव्या मनगटाला दोर बांधलेला, अंगातलं लाइफ जॅकेट त्यांना वर ओढत असलेलं, आणि ते पाण्याच्या मध्यात उभे. उभे, हा शब्द त्या पाणबुड्याने वापरला होता. तो तरुण होता, त्याला सांगताना त्रास होत होता, आणि दुसरा शब्द त्याला सुचला नसावा. मलाही नंतर कधी सुचला नाही. दोर त्यांनी स्वतःच बांधला होता, उजव्या हाताने आणि दातांनी. त्या दोराचंच लोकांना नवल वाटलं. नोंद अपघात अशी झाली, आणि अपघाताच्या नोंदीत जे मावत नाही ते सगळं व्हर्लिन ओस्बीने पूर्ण केलं.

व्हर्लिन पापाचा तीस वर्षांचा मित्र. डाकोटाच्या सपाट मुलखातून आलेला, घरं बांधणारा सुतार. या शहरातल्या निम्म्या ओसऱ्या आणि स्वयंपाकघरं त्याच्या हातची. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच चालू असताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भला माणूस होता. पण हट्टी! बुडत्या होडीला कोण स्वतःला बांधून घेतं, सांगा?" सगळे हसले. रडतारडता हसतात तसं, मोकळं, प्रेमाने. मीही हसले असेन. चेहरा तसा झाल्याचं आठवतं. मग ते वाक्य शनिवारच्या नाश्त्याच्या टेबलावर गेलं. तिथे व्हर्लिन, रेनो माकी आणि लाईल ही तीन म्हातारी माणसं दर आठवड्याला अंडी आणि बटाटे खात बसतात, आणि एक खुर्ची पापाची होती. टेबलावरून ते गावभर झालं. मागच्या वसंतात मी मासेमारीच्या आमिषाच्या दुकानात कॉफीसाठी थांबले होते, तेव्हा एक माणूस दुसऱ्याला त्याच्या मोडक्या ट्रकबद्दल म्हणाला, "सोडून दे रे तो आता. आयनारसारखा बांधून घेऊ नकोस." तो मला ओळखत नव्हता. तो पापालाही ओळखत नव्हता. त्याच्याकडे फक्त नाव आलं होतं, मूर्खपणासाठी वापरायचं. मी कपाचं झाकण नीट बसवलं आणि बाहेर पडले, आणि त्या दिवसापासून व्हर्लिनचा चेहरा मला रोज एकदा तरी पाण्याखाली दिसायला लागला, सकाळी दात घासताना बहुधा.

कारण दोर का बांधला ते मला ठाऊक होतं. मी सहा वर्षांची असताना जुलैमधल्या एका दुपारी पापाने मला याच होडीत बसवून धक्क्यापाशी नेलं आणि बूच काढलं. पाणी आलं. मी किंचाळले, ते कमरेएवढ्या पाण्यात शांत उभे राहिले. होडी काठापर्यंत भरली, जड झाली, आणि मग तिथेच थांबली. आतल्या पाण्यात मी छातीपर्यंत बुडून बसले होते आणि खाली जात नव्हते. "बघ सोली," ते म्हणाले, "भरली तरी ती बुडत नाही. काठ कितीही जवळ दिसो, पोहायला जायचं नाही. होडी सोडायची नाही." मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि नाकाच्या दोराने बांधलं. "गार पाण्यात सगळ्यात आधी हात दगा देतात. तू धरून ठेवशील, पण बोटं ऐकणार नाहीत. म्हणून ती ऐकतायत तोवर बांधून घ्यायचं." दर उन्हाळ्यात एकदा आम्ही हे करायचो. व्हर्लिन तेव्हा आमच्या आयुष्यात नव्हता, आणि तळ्याकाठी वाढलेला तर तो कधीच नव्हता. पापाने त्या दिवशी नेमकं तेच केलं जे त्यांनी मला शिकवलं होतं. सगळं क्रमाने, बोटं ऐकत होती तोवर. चूक त्यांची नव्हती. मग कुणाची, हे मला दोन वर्षं कळत नव्हतं, आणि आता ते माझ्या करंगळीला लागलं होतं.

होडी ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियम तरंगत नाही. होडी तरंगते ती तिच्या आकारामुळे, आणि आत पाणी भरलं की आकाराचा उपयोग संपतो. मग तिला धरून ठेवतो तो पाय ठेवायच्या फळीखाली भरलेला फोम. तो फोम पाणी पीत नाही असं म्हणतात. पितो. थंडीत गोठतो, उन्हाळ्यात वितळतो, त्याच्या बारीक भिंती फुटतात आणि वर्षानुवर्षं तो थोडा थोडा पीत राहतो. शेवटी होडी कोरडी दिसते आणि आपल्याच पोटातलं तळं घेऊन फिरते. पापा जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात होडीची कुजलेली फळी व्हर्लिनने बदलून दिली होती. नवी फळी, तिच्यावर नवा करडा गालिचा. "फुकटात केलंय, मित्राला!" हेही टेबलावर अनेकदा सांगून झालं होतं.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. गालिचा सोलून काढला. गोंद चांगला होता, व्हर्लिनचं काम नेहमी चांगलंच असतं. फळीचे स्क्रू पाण्याने गंजले होते, निम्म्यांची डोकी फिरून गोल झाली. मी मधला एक तुकडा करवतीने कापून उचलला. खाली प्लास्टिक होतं. जाड, स्वच्छ प्लास्टिकचा सबंध कागद, कडांना पट्टीने चिकटवलेला, कुठे सुरकुती नाही. त्याच्या खालच्या बाजूला थेंब लोंबत होते, थंडीत खिडकीच्या काचेवर असतात तसे. या शहरातल्या प्रत्येक भिंतीत असा कागद असतो, आतल्या बाजूला. तो नसला तर घराची ऊब बाहेर जाताना भिंतीत घाम धरते. तीस वर्षं व्हर्लिनने भिंतींना हा कागद ठोकला होता. होडीलाही त्याने तोच ठोकला, आणि फोममधलं पाणी आतच कोंडलं. त्याखाली फोम होता, मळकट पिवळा, दाबला की रडणारा. मी पावाच्या सुरीने हाताएवढा चौकोन कापून प्रयोगशाळेत नेला, वजन केलं, भट्टीत वाळवला, पुन्हा वजन केलं. ओला तुकडा कोरड्याच्या अठरापट होता. सहकारी म्हणाली, "काय आहे गं हे? केक?" मी म्हटलं, "हो. शिळा."

त्या आठवड्यात मी काय काय विचार केले ते सगळं सांगण्यासारखं नाही, पण एक सांगते. दुकानातून मी दोन प्रकारचा फोम आणला होता: निळा, बंद पेशींचा, पाणी फारसं न पिणारा, आणि पांढरा, दाण्यांचा, टीव्हीच्या खोक्यात येतो तो. पांढऱ्याचा तुकडा मी काचेच्या भांड्यात टाकला आणि वर पेट्रोल ओतलं. तो फेसाळला, आक्रसला, आणि तळाला शेंबडासारखा एक गोळा उरला. व्हर्लिनकडेही एक होडी आहे, हिरवी. तिच्यात पेट्रोल नेहमी सांडलेलं असतं; फळीखाली हा पांढरा फोम असता तर तो असाच विरघळला असता. तो मला किल्ली देऊन ठेवतो, हिवाळ्यात नवरा-बायको फ्लोरिडाला जातात तेव्हा घर बघायला. मी त्या गोळ्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की हे पुरेसं नाही. तो बुडेल, आणि का बुडला हे त्याला कळणार नाही. पापालाही कळलं नसेल. तेवढी बरोबरी मला नको होती. मला त्याला कळायला हवं होतं.

मी फोन केला. "व्हर्लिन, तुमच्या स्क्रूंची डोकी गेलीत. होडीची फळी निघत नाही."

"त्या होडीची? पोरी, भंगारात घाल ती. मला तर ती बघवतसुद्धा नाही."

"मला ती पुन्हा पाण्यात घालायचीय."

"अगदी आयनारची पोर! येतो. कॉफी करू नकोस, तुझी कॉफी म्हणजे तुमच्या नळाच्या पाण्याची जाहिरात असते."

तो वेलची घातलेला पाव घेऊन आला, गुडघे दुमडत खाली बसला, दोन-चार स्क्रू हसतहसत काढले. मग माझ्या कापलेल्या चौकोनातून त्याला प्लास्टिक दिसलं, आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "बघितलंस? हे मी घातलं होतं. बाजारात कुणी घालत नाही. त्याचे पाय कोरडे राहावेत म्हणून. संधिवात होता ना त्याला."

"फोम ओला होता, तुम्हाला माहीत होतं?"

"ओला नाही गं. दमट. म्हणूनच तर प्लास्टिक घातलं."

"बदलावा असं नाही वाटलं?"

"अगं, सगळा उकरायचा म्हणजे आठवडा गेला असता. आणि शिकार सुरू व्हायची होती, तो घाई करत होता." त्याने पावाचा तुकडा तोडला. "आयनारला सांगितलं मी, खाली सगळं ठीक आहे म्हणून."

मी चपटं फावडं घेतलं, प्लास्टिक फाडलं आणि फोमचा एक सबंध ठोकळा उपसला, उशीएवढा. तो उचलताना माझ्या पाठीतून कळ गेली. "धरा," मी म्हटलं. त्याने हात पुढे केले, फोम धरायला करतात तसे, सैल. ठोकळा त्याच्या हातात पडला आणि त्याला तसाच खाली घेऊन गेला. त्याची कोपरं फरशीवर आपटली. त्याच्या छातीवरून, पँटवरून पाणी वाहायला लागलं. तो ते पाणी पाहत होता. पुढचा ठोकळा मी त्याच्या शेजारी ठेवला. मग पुढचा. फावड्याचा आवाज तेवढा होता. कुठल्या ठोकळ्याला त्याला कळलं ते मी सांगू शकते, कारण त्याने तोंडातला पाव चावायचा थांबवला.

"सोली," तो म्हणाला. "मग तो दोर..."

"त्यांना वाटत होतं ही तरंगते. त्यांना तुम्ही सांगितलं होतं ना, खाली सगळं ठीक आहे."

गॅरेजच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि ठोकळ्यांभोवती पाणी पसरत त्याच्या बुटांपर्यंत गेलं होतं. त्याने पाय मागे घेतला नाही. मी अनेक रात्री कल्पिलं होतं की या क्षणी मला काहीतरी सुटल्यासारखं वाटेल, मुठीतली कळ जावी तसं. तसं काही झालं नाही. उलट भूक लागल्यासारखं झालं.

"मी काय करू?" त्याने विचारलं. "सांग, काय करू?"

"मी नवा फोम भरणार आहे. झाला की शनिवारी तळ्यावर या. टेबलावरच्या दोघांना घेऊन."

"मदतीला येतो ना मी. निळ्या पाट्या कापायच्या म्हणजे..."

"नको. तुम्ही हात लावायचा नाही. तुम्ही फक्त येऊन होडीत बसायचं. मी बूच काढेन. आणि दोर बांधेन."

तो माझ्याकडे पाहत राहिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, शर्ट भिजलेला, भुवयांवर लाकडाचा भुगा. "तरंगेल?" त्याने विचारलं.

"फोम मी भरणार आहे."

"हो गं. पण तरंगेल?"

मी फावडं धुवायला गेले.

पुढचे पाच-सहा आठवडे चांगले गेले, हे नवल. मी निळ्या पाट्या होडीच्या पोटाच्या वळणाप्रमाणे कापल्या, एकावर एक बसवल्या, आणि तळाशी मधोमध बोटभर रुंद वाट मोकळी ठेवली, म्हणजे आत आलेलं पाणी मागच्या भोकापर्यंत येऊन निघून जाईल. प्लास्टिक नाही. नवी फळी, चारी बाजूंनी रंगवलेली. मोटरचं, माणसाचं, ॲल्युमिनियमचं वजन धरून किती फोम हवा ते मी काढलं, आणि त्याच्या दीडपट भरला. मला उत्तर माहीत होतं. ते त्याला सांगायचं नाही, यातच मला हवं ते सगळं होतं. माझ्या कामावर विसंबून त्याला त्या पाण्यात बसायचं होतं, पापा त्याच्या कामावर विसंबून बसले होते तसं. आणि माझ्या कामात काही खोट असेल, असा संशय तेवढे सगळे दिवस त्याच्याजवळ झोपणार होता. फोमच्या पाट्या दाबून बसवताना मी कधीकधी पापा काम करताना वाजवायचे ती शिट्टी वाजवत होते. मग माझ्या लक्षात यायचं आणि मी थांबायचे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तळ्यावर धुकं विरलं होतं, टॅमरॅकची झाडं पिवळी पडायला लागली होती. पाण्यात तापमापक सोडला; अकरा अंश. धक्क्यावर रेनो आणि लाईल कागदी कप घेऊन उभे होते. व्हर्लिनने त्यांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. फक्त चाचणी आहे असं बहुधा.

"साबण आणलास का रे?" लाईल ओरडला. "वर्षाची आंघोळ होऊन जाईल!"

"बायकोला सांगून आलायस ना?" रेनो म्हणाला. "नाहीतर तिला वाटायचं पळाला."

"विम्याचे कागद कुठे आहेत ते तिला ठाऊक आहे," व्हर्लिन म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच होता, पण हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला राहिलं. त्याने जॅकेटचे पट्टे स्वतः तीनदा तपासले आणि मधल्या बाकावर बसला. मी छातीपर्यंतची रबरी विजार घालून होडीशेजारी पाण्यात उतरले आणि धक्क्याच्या टोकापलीकडे, माझ्या बरगड्यांपर्यंत पाणी येईल इथवर तिला ओढत नेलं. दोर घेतला. त्याने डावा हात पुढे केला, मी सांगण्याआधीच. मी ती गाठ बांधली, जी मला सहाव्या वर्षापासून येते.

धक्क्यावर रेनो दोराकडे पाहत होता.

मी बूच काढलं. पाणी आधी फळीच्या फटींतून आलं, चोरट्यासारखं, मग त्याच्या बुटांवर, मग घोट्यांवर. त्याने खाली पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता, आणि मीही त्याच्याकडे, आणि आमच्यामध्ये होडी हळूहळू जड होत होती. पाणी गुडघ्यांवर आलं. मागचं टोक मोटरच्या वजनाने झुकलं आणि होडीची कड पाण्याखाली गेली. लाईल म्हणाला, "ए, ए, ए!" व्हर्लिनचे ओठ पांढरे झाले होते. पाणी त्याच्या पोटावर चढलं. तेव्हा त्याने डोळे मिटले. त्या चेहऱ्यासाठी मी दोन वर्षं वाट पाहिली होती, आणि मी तो नीट पाहून घेतला. सावकाश, पापाच्या वतीनेही.

मग होडी थांबली. सहा वर्षांच्या मला थांबल्यासारखी वाटली होती तशीच. खालून कुणीतरी हात लावावा तशी. त्याने डोळे उघडले.

"तरंगतेय," तो म्हणाला.

"हो. आता हात पाण्यात ठेवा."

त्याने ठेवले. एक लून पक्षी दूर बुडाला आणि भलत्याच ठिकाणी वर आला. व्हर्लिनचे दात वाजायला लागले, मग तेही त्याने आवळून धरले. "सोली, बस झालं," रेनो म्हणाला. मी वळून पाहिलं नाही. आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हटलं, "व्हर्लिन, गाठ सोडा."

त्याने उजवा हात बाहेर काढला. बोटं दोरावर ठेवली. ती सरकली. पुन्हा ठेवली, लाकडाच्या खुंट्यांसारखी ती दोरावरून घसरत होती, आणि तो त्यांच्याकडे पाहत होता, दुसऱ्याच्या बोटांकडे पाहावं तसं. तीस वर्षं त्या हातांनी न पाहता खिळा धरला होता.

"सुटत नाही."

"का?"

"ऐकत नाहीत. बोटं ऐकत नाहीत."

"म्हणून आधी बांधायचं असतं," मी म्हटलं.

त्याने मान धक्क्याकडे वळवली. "रेनो. लाईल." आवाज फुटत होता, पण ऐकू जात होता. "आयनारने बरोबर केलं होतं. दोर बांधला ते बरोबर होतं. होडीच तरंगायची नव्हती. खालचा फोम कुजला होता, आणि वर फळी मी ठोकली." मग तो म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं, सगळं ठीक आहे. टेबलावर मी जे बोलत आलो... ते चुकीचं आहे. तुम्ही सांगा सगळ्यांना."

लाईलच्या हातातला कप वाकडा झाला होता आणि कॉफी फळ्यांमधून तळ्यात गळत होती. रेनो गुडघ्यावर बसला. "आता सोड त्याला, सोली," तो हळू म्हणाला. "ऐकलं आम्ही."

"सोडते," मी म्हटलं.

फोम कापायची सुरी माझ्या विजारीच्या खिशात होती. एका घावात दोर तुटला असता. मी ती काढली नाही. दोर पापाचा होता. मी व्हर्लिनचं मनगट हातात घेतलं, गार आणि जड, आणि ओल्या गाठीत नखं रोवली. माझीही बोटं आता फारशी ऐकत नव्हती. तो थरथरत माझ्याकडे पाहत राहिला. मी गाठीचा एकेक वेढा सैल करत गेले. मला काही घाई नव्हती.